पाणी अडतंय कुठे? ड्रायरमधून कपडे ओलसर निघत असतील तर

ड्रायर ठरलेला वेळ फिरतो, काम संपल्याचा आवाज देतो, आणि दार उघडलं की टॉवेल ओलसर, जीन्सचा कमरेचा पट्टा सर्द. पुन्हा एकदा लावला की सुकतात, म्हणून काही दिवस असंच रेटलं जातं. मग दोनदा लावूनही भागत नाही. हा बिघाड एका रात्रीत क्वचितच होतो. तो साचत जातो, आणि बहुतेक वेळा पाना-पकड हातात न घेताच सुटतो.

आधी लक्षणं

ड्रायर थांबल्याबरोबर कपड्यांना हात लावा, आणि ड्रमच्या आतल्या पत्र्यालाही. पुढचा सगळा रस्ता या एका गोष्टीवर ठरतो.

- कपडे गरम पण ओले, आत वाफ कोंडलेली, दाराच्या काचेवर थेंब: उष्णता ठीक आहे, दमट हवेला वाट मिळत नाही.
- कपडे गार आणि ओले, ड्रम मात्र फिरत होता: उष्णताच तयार होत नाही.
- काही कपडे कडकडीत कोरडे, काही ओले: कपडे भरण्यात चूक, नाहीतर चादरीचा गोळा.
- ऑटो प्रोग्रॅम (कपडे कोरडे वाटले की आपोआप थांबणारा) वीस-पंचवीस मिनिटांतच ‘झालं’ म्हणून थांबला: ओलावा ओळखणारा सेन्सर किंवा निवडलेली कोरडेपणाची पातळी.
- पूर्वी तासात व्हायचं ते आता दोन तास घेतं: कुठेतरी कपड्यांची झडलेली लव साचली आहे.
- पहिली खेप सुकते, लगेच लावलेली दुसरी ओली राहते: हवेची वाट अर्धवट बंद, किंवा तापल्यावर दगा देणारा एखादा सुटा भाग.

नुकते काढलेले गरम कपडे हाताला असतात त्यापेक्षा ओले वाटतात. पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा आणि मग ठरवा. हीट पंप ड्रायरबद्दलच्या (जो हवा बाहेर न सोडता वाफ आतच थंड करतो आणि तीच उष्णता पुन्हा वापरतो) कितीतरी तक्रारी इथेच संपतात.

संशय हीटरवर घेण्याआधी

ड्रायर तीन कामं करतो. कपडे उलटेपालटे करतो, त्यांतल्या पाण्याची वाफ करतो आणि ती वाफ कपड्यांपासून दूर नेतो. पहिली दोन कामं डोळ्यांना आणि हाताला कळतात, तिसरं दिसत नाही. म्हणून कपडे ओले राहिले की लोक थेट ‘हीटर गेला’ असं म्हणतात. पण वाफ नेणारी हवा अडली की ड्रममधली हवा ओलाव्याने भरून जाते, आणि त्यानंतर कितीही तापवा, कापडातलं पाणी कापडातच राहतं. त्यामुळे प्रश्न असा ठेवायचा: कपड्यांत पाणी आलं किती, गेलं किती आणि अडलं कुठे?

याचं उत्तर साध्या वजनकाट्यावर मिळतं. ही चाचणी फारसं कोणी करत नाही, पण तिच्याइतकी नेमकी दुसरी नाही. पूर्ण कोरडे सुती टॉवेल घ्या, एकूण २ किलो. धुवून, पिळून झाल्यावर पुन्हा वजन करा. वॉशिंग मशीन मिनिटाला १४०० फेऱ्यांनी पिळत असेल तर साधारण ३ किलो भरेल, १००० फेऱ्यांवर ३.२ आणि ८०० वर ३.४ च्या आसपास. आता हे टॉवेल ड्रायरमध्ये पूर्ण उष्णतेवर नेमकी ३० मिनिटं फिरवा आणि पुन्हा काट्यावर ठेवा. २ ते २.५ किलोवॅटचा, हवा बाहेर सोडणारा धडधाकट ड्रायर एवढ्या वेळात पाऊण ते एक लिटर पाणी काढतो. हीट पंपला त्याच कामाला दुपटीच्या आसपास वेळ लागू शकतो, तो बिघाड नव्हे. अर्ध्या तासात दोन-तीनशे ग्रॅमच कमी झाले, तर दोष ड्रायरकडे आहे. एक किलो कमी झालं आणि तरीही रोजचे कपडे ओले राहतात, तर ड्रायर निर्दोष आहे आणि चूक त्याच्या आधी होते आहे. तिन्ही आकडे कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतील.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

*पिळणं.* १ लिटर पाण्याची वाफ करायला सुमारे ०.७ युनिट वीज लागतेच लागते, प्रत्यक्ष ड्रायरमध्ये त्याहून जास्त. तेच पाणी गरगर फिरवून काढायला वीज नगण्य लागते. पिळून आलेले कपडे नेहमीपेक्षा जड वाटत असतील, किंवा मुठीत दाबल्यावर थेंब पडत असेल, तर वॉशिंग मशीनकडे बघा. नाजूक कपड्यांच्या प्रोग्रॅममध्ये वेग आपोआप कमी असतो. एकच जड वस्तू, उदाहरणार्थ पायपुसणं, एकटी टाकली की तोल जातो आणि मशीन पूर्ण वेग गाठतच नाही. निचऱ्याच्या पंपापुढची गाळणी तुंबली तरी हेच होतं. संशय आला की नुसतं पिळण्याचं आवर्तन एकदा जास्तीचं लावा आणि वजनातला फरक बघा.

*भरणं.* ओले कपडे टाकल्यावर ड्रम अर्ध्यापेक्षा थोडा जास्त, फार तर दोन तृतीयांश भरावा. वर मोकळी जागा नसेल तर कपडे उचलून खाली पडत नाहीत, नुसते घोळतात, आणि मधल्या कपड्यांना हवा लागतच नाही. धुणं-सुकवणं एकाच मशीनमध्ये असेल तर फसगत ठरलेलीच. अशा मशीनची सुकवण्याची क्षमता धुण्याच्या क्षमतेपेक्षा बरीच कमी असते. ८ किलो धुणारं मशीन बऱ्याचदा ५ किलोच सुकवतं. धुतलेले सगळे कपडे आतच ठेवून सुकवायला लावले की ते ओले निघणारच. निम्मे बाहेर काढा.

*मिसळ.* पातळ पॉलिएस्टर लवकर सुकतं, जीन्स आणि जाड टॉवेल उशिरा. एकत्र टाकले की कोरड्या कपड्यांचा स्पर्श होऊन सेन्सर फसतो आणि जीन्स ओली राहते. चादर आणि गादीची खोळ यांचा त्रास वेगळा: त्या स्वतःभोवती गुंडाळल्या जातात आणि पोटात मोजे, अभ्रे, रुमाल गिळतात. खोळीची बटणं किंवा चेन लावून मगच टाका, एका वेळी दोन चादरींहून जास्त नकोत, आणि मध्यावर थांबवून एकदा झटकून घ्या. रजईसारखी जाड वस्तू बाहेरून कोरडी झाली की सेन्सर समाधानी होतो, आतलं भरण ओलंच असतं. ती वेळ लावूनच सुकवायची आणि मध्ये उलटायची.

अगदी थोडे कपडेही अडचणीचे. दोन शर्ट एवढ्या मोठ्या ड्रममध्ये सेन्सरला नीट टेकतच नाहीत आणि मशीन लवकर थांबतं. सोबत एखादा टॉवेल टाका.

*पातळी.* ‘इस्त्रीसाठी’ हा पर्याय कपडे मुद्दाम ओलसर ठेवतो. ‘कपाटासाठी’ किंवा ‘जास्त कोरडे’ निवडून बघा. विजेची बचत करणारा किंवा झटपट प्रोग्रॅम जाड कपड्यांसाठी नसतो. हे वाचून हसू येईल, पण पॅनेल पुसताना बटण दाबलं जाऊन पातळी बदललेली असणं हे नेहमीचं कारण आहे.

जाळी आणि सेन्सर

कपड्यांची झडलेली लव पकडणारी जाळी प्रत्येक खेपेनंतर साफ करायची, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी जणांना माहीत असतं ते हे की, दिसायला स्वच्छ असलेली जाळीही बंद असू शकते. कपडे मऊ करणारं द्रव आणि ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागद यांचा मेणचट थर तारांवर बसतो. जाळी नळाखाली आडवी धरून त्यावर पाणी ओता. पाणी लगेच खाली गेलं तर ठीक. वर साचून राहिलं, तर जिथून पाणी जात नाही तिथून हवाही नीट जात नाही. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन दोन्ही बाजूंनी घासा, पूर्ण वाळवा, मग बसवा. जाळीशिवाय ड्रायर एकदाही चालवू नका. लव थेट पंख्यात आणि हीटरजवळ जाते. जाळी जिथे बसते त्या खाचेतही लव पडते, ती अरुंद तोंडाच्या व्हॅक्यूमने ओढून घ्या.

सेन्सर म्हणजे ड्रमच्या आत, बहुधा दाराजवळ किंवा जाळीच्या खाचेपाशी बसवलेल्या दोन चकचकीत धातूच्या पट्ट्या. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की त्यातून किंचित वीज वाहते. वाहणं थांबलं की मशीन समजतं, कपडे कोरडे झाले. पट्ट्यांवर मेणचट थर बसला तर ओल्या कपड्यातूनही वीज जात नाही आणि मशीन अर्ध्यातच थांबतं. पांढऱ्या व्हिनेगरने ओला केलेला फडका पट्ट्यांवर घासा, मग साध्या पाण्याच्या फडक्याने पुसा. मशीन थंड असतानाच. सँडपेपर नको.

खात्री अशी करा: तेच कपडे ऑटोऐवजी वेळ लावून ६० मिनिटं फिरवा. वेळेवर नीट सुकले आणि ऑटोवर ओले राहिले, तर हवा आणि उष्णता दोन्ही ठीक आहेत. दोष सेन्सरचा किंवा पातळीचा. या एका चाचणीने अर्धी यादी कटते.

हवा नळीने बाहेर सोडणारा ड्रायर

गरम पण ओल्या कपड्यांचं मूळ बहुधा इथे सापडतं. घराबाहेर जा, नळीच्या तोंडावरचं झाकण बघा. ड्रायर चालू असताना ते ठळकपणे उघडलं पाहिजे आणि हाताला जोरकस, दमट झोत लागला पाहिजे. झाकण जेमतेम थरथरत असेल तर नळी तुंबली आहे. झाकणाच्या बिजागरीत लव अडकलेली असते, कधी पक्ष्याचं घरटं असतं. कोणी हौसेने तिथे बारीक जाळी बसवली असेल तर काढून टाका, लव तिथेच थर धरते.

आता आतली बाजू. ड्रायरचं प्लग काढा, ड्रायर पुढे ओढा. भिंतीला टेकवताना मागची नळी दबून चपटी झालेली असणं हे सगळ्यांत साधं आणि सगळ्यांत दुर्लक्षित कारण. नळी साधारण १०० मिलिमीटर व्यासाची हवी आणि सबंध लांबीभर तेवढीच राहायला हवी. पातळ प्लास्टिकची किंवा फॉइलची चुण्यांची नळी असेल तर ती बदलाच. चुण्यांत लव साचते, आणि प्लास्टिक पेटूही शकतं. गुळगुळीत, कडक धातूची नळी उत्तम. जोडांवर धातूची चिकटपट्टी लावा. आत टोक काढणारे स्क्रू मारू नका, त्या टोकांवर लवेचा गुंता धरतो. लांबीचं सर्वसाधारण बंधन १०–११ मीटरचं, आणि प्रत्येक काटकोनी वळण त्यातून सुमारे दीड मीटर खातं. तीन वळणं असतील तर सरळ नळीला साडेपाच-साडेसहा मीटरच उरतात. यापेक्षा लांब नळी नवी कोरी असली तरी कपडे ओलेच राहतील. तिथे सफाई नाही, वाट बदलायला हवी.

सफाईला लांब दांड्याचा नळीचा ब्रश मिळतो. ब्रश एकाच दिशेने फिरवत आत घाला. उलटा फिरवला तर दांड्याचे जोड सुटून ब्रश आतच राहतो, आणि मग भिंत फोडण्याची वेळ येते.

नळीचाच दोष आहे का हे ठरवायला वजनाची तीच चाचणी नळी सोडून करा. खिडक्या उघडा, मागे लव उडेल ती उडू द्या. नळीविना अर्ध्या तासात एक लिटर गेलं आणि नळी लावून तीनशे मिलिलिटरच, तर ड्रायर उघडायचं कारण उरलं नाही. ही चाचणी फक्त विजेच्या ड्रायरवर. गॅसच्या ड्रायरची नळी सोडून तो क्षणभरही चालवायचा नाही. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असू शकतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो.

कंडेन्सर आणि हीट पंप

इथे वाफ बाहेर जात नाही, आतच थंड होऊन पाणी बनते आणि टाकीत जमते. म्हणजे हिशेब आणखी सोपा: कपड्यांचं वजन जितकं घटलं, त्यातला बहुतेक भाग टाकीत मोजून मिळाला पाहिजे. निचऱ्याची नळी सिंकमध्ये सोडलेली असेल तर चाचणीपुरती बादलीत धरा. वजन एक किलोने घटलं आणि टाकीत तीन-चारशे मिलिलिटरच आलं, तर उरलेली वाफ खोलीत निसटते आहे. खिडक्यांच्या काचा घामेजलेल्या दिसतील. दाराचं रबर आणि कंडेन्सरच्या झडपेचं रबर पुसून, चिरा आहेत का ते बघा. कंडेन्सर परत बसवताना कुलपं पूर्ण फिरली नसणं हेही नेहमीचं.

काढता येणारा कंडेन्सर, म्हणजे वाफ थंड करणारा भाग, बाहेर ओढून नळाखाली धरा, दोन्ही बाजूंच्या फटींतून स्वच्छ पाणी आरपार येईपर्यंत. हे महिन्यातून एकदा तरी. हीट पंपमध्ये फटींचा पत्रा बहुधा काढता येत नाही. खालची झडप उघडून त्याच्या पातळ पाकळ्यांवरची लव मऊ ब्रशने, पाकळ्यांच्याच दिशेने, वरून खाली काढायची. आडवा ब्रश फिरला की पाकळ्या वाकतात, आणि वाकलेली पाकळी म्हणजे कायमची बंद वाट. त्या फार धारदारही असतात, हातमोजे घाला. दुय्यम गाळणी किंवा स्पंज असेल तर तो धुऊन, वाळवून बसवा. आपोआप साफ होणाऱ्या कंडेन्सरच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. जाळी घाण असेल तर त्यालाही लव पुरून उरते.

खोलीही बघायला हवी. हे ड्रायर सहसा ५ ते ३५ अंश सेल्सिअसमध्ये चालण्यासाठी बनवलेले असतात. बंद कपाटात ठेवला की तो आपलीच गरम हवा परत घेतो, कंडेन्सर थंड राहत नाही आणि वाफेचं पाणी होत नाही. कपाटाचं दार उघडं ठेवून एक खेप घ्या. फरक पडला तर कारण मिळालं.

उष्णताच नसेल तर

कपडे गार निघत असतील तर आधी ‘फक्त हवा’ हा पर्याय चुकून निवडला नाही ना ते बघा. जिथे ड्रायरला २४० व्होल्ट १२०–१२० च्या दोन तारांनी येतात, तिथे जोडीतला एकच फ्यूज उडाला तर मोटर फिरते आणि हीटर बंद राहतो. सर्किट ब्रेकर पूर्ण खाली करून पुन्हा वर करा. एकदाच. पुन्हा पडला तर तिथेच थांबा.

यापुढे मागचा पत्रा उघडावा लागतो. मल्टिमीटर (विजेची मोजमापं घेणारं यंत्र) वापरता येत असेल, प्लग काढलेलं असेल आणि ड्रायर थंड असेल तरच. कपॅसिटरला, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागाला, हात लावू नका, प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार राहतो. हीटरची एक तार सोडवून रोध मोजा. अपेक्षित आकडा काढायला व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट: २३० व्होल्टवर २५०० वॅटच्या हीटरला सुमारे २१ ओहम, २४० व्होल्टवर ५४०० वॅटच्या हीटरला सुमारे ११. आकडा अनंत दाखवला तर तार तुटली आहे. तारेचा बाहेरच्या पत्र्याशी संपर्क दाखवला तर तो हीटर धोक्याचा आहे, ड्रायर पुन्हा जोडू नका.

थर्मल फ्यूज, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा फ्यूज, दिसायला क्षुल्लक, एकदा उडाला की बदलावाच लागतो. पण तो उगाच उडत नाही. हवा अडली, आतलं तापमान चढलं, म्हणून तो उडाला. नळी साफ न करता नवा फ्यूज टाकणारे काही आठवड्यांत तिसरा शोधत असतात. त्याची दोन टोकं जोडून फ्यूज ‘बायपास’ करणं हा आग लावण्याचा खात्रीचा मार्ग आहे.

उष्णता आहे, नळी स्वच्छ आहे आणि तरी झोत कमी, तर पंख्याचं पातं. त्यात मोजा अडकतो, किंवा मधलं भोक झिजून पातं दांड्यावर घसरतं. मोटर फिरते, पातं मागे पडतं. ड्रम हाताने जाणवेल इतका सैल फिरत असेल आणि आतून नुसता गुणगुणाट येत असेल तर पट्टा तुटला आहे. पट्टा बदलायला बहुतेक मॉडेलमध्ये ड्रम बाहेर काढावा लागतो. सराव नसेल तर हे काम दुसऱ्यावर सोपवा.

इथे थांबा, तंत्रज्ञ बोलवा

गॅसचा वास आला तर कुठलंही बटण न दाबता बाहेर पडा आणि बाहेरून गॅस पुरवणाऱ्यांना कळवा. गॅस ड्रायरची पहिली ज्योत नीट पेटते पण तापल्यावर पुन्हा पेटत नाही, हे बहुधा व्हॉल्व्हवरच्या कॉइलचं लक्षण. तेही घरी उघडायचं काम नाही. जळका वास, काळवंडलेलं प्लग, सारखा पडणारा ब्रेकर, पत्र्याला हात लावल्यावर झिणझिणी: प्लग काढा आणि तसंच राहू द्या.

हीट पंपचा कॉम्प्रेसर गुणगुणतो, पंखा चालतो, जाळ्या स्वच्छ आहेत, तरी तासाभराने कपडे खोलीइतकेच गार आणि टाकी कोरडी, तर शीतक वायू गळल्याची शक्यता मोठी. ती बंद नळ्यांची यंत्रणा घरी उघडायची नसते. अनेक नव्या मशीनमध्ये तो वायू प्रोपेन असतो, ज्वालाग्राही. या दुरुस्तीचा खर्च मशीनच्या वयाशी ताडून बघावा.

तंत्रज्ञाला ‘नीट सुकत नाही’ एवढंच सांगितलं तर तो पहिला तास जाळी आणि नळी तपासण्यात घालवेल. त्याऐवजी कागदावरचे आकडे द्या: कोरडं वजन, पिळल्यानंतरचं, अर्ध्या तासानंतरचं, टाकीत आलेलं पाणी, नळी सोडून केलेल्या चाचणीचा निकाल. दुरुस्ती झाल्यावर त्याच टॉवेलांनी, त्याच अर्ध्या तासाची चाचणी तो समोर असतानाच करून घ्या.